प्रश्न घेऊन वर्गाबाहेर: तिसरी ते पाचवीसाठी कृती आणि क्षेत्रभेटी

काही वर्षांपूर्वी चौथी-पाचवीच्या मुलांची सहल आम्ही एकाच दिवसात देवगिरी, वेरूळ आणि पाणचक्की अशी नेली होती. पहाटे चार वाजता गावातून निघालेली बस रात्री अकरा वाजता परतली. दुसऱ्या दिवशी वर्गात काय पाहिले असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी बर्फाच्या गोळ्याचे रंग सांगितले, काहींनी माकडांचे वर्णन केले, आणि कैलास लेणे बांधले की कोरले या प्रश्नावर वर्गात दोन तट पडले. यात मुलांचा दोष नव्हता. शोधण्यासारखे काही आम्ही त्यांच्या हाती दिलेच नव्हते, म्हणून जे आपोआप डोळ्यांत भरले तेवढे त्यांनी पाहिले. त्यानंतर मी आखणीची रीत बदलली. आधी वर्गात हाताने करण्याची एखादी कृती, तिच्यातून उभा राहिलेला एक प्रश्न, त्या प्रश्नासाठी बाहेरची भेट, आणि परत आल्यावर पुन्हा त्याच कृतीकडे वळणे, असा आता क्रम असतो. भेट दहा मिनिटांच्या अंतरावरची असो की दीडशे किलोमीटरवरची, हा क्रम मी मोडत नाही.

पहिल्या सत्रात दूर जाण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचा अपवाद पुढे सांगितला आहे. मुलांना बाहेर गेल्यावर पाहायचे कसे, मोजायचे कसे, लिहायचे कसे याची सवय शिवारातच लागते, आणि ती सवय लागलेला वर्ग मग वेरूळच्या अंगणातही कामाला लागतो.

मातीपासून सुरुवात

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन प्रकारची माती मिळते: शेतातली काळी, माळावरची मुरमाड आणि ओढ्याकाठची वाळू किंवा गाळ. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, पेरण्यांची गडबड चालू असतानाच ही कृती घ्यावी, कारण त्या दिवसांत घरोघरी वापसा (पेरणीजोगी ओल), ओल, तास (पिकाची ओळ) हेच शब्द चालू असतात.

एक लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या मधोमध कापून घ्याव्यात; कापण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे आणि कडांना चिकटपट्टी लावावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवावा आणि त्याच्या तोंडाला जुन्या सुती कापडाचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधावा. प्रत्येक नरसाळ्यात एकाच वाटीने मोजून दोन वाट्या कोरडी माती घालावी. काळ्या मातीची ढेकळे आधी फोडून बारीक करणे आवश्यक आहे; तशीच ढेकळे टाकली तर पाणी त्यांच्या मधल्या फटींतून सरळ खाली जाते आणि मुलांचा निष्कर्ष उलटा येतो. पाणी ओतण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. कोणत्या बाटलीत पाणी आधी खाली येईल, आणि ओतलेले सगळे येईल का, हे दोन प्रश्न पुरेत. मग तिन्हींत एक-एक वाटी पाणी एकाच वेळी, हळूहळू ओतावे.

वाळूतून पाणी पाहता पाहता निघून जाते. मुरमातून थोडे उशिरा, गढूळ होऊन येते. काळ्या मातीपाशी मात्र वर्ग ताटकळतो. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी बाटलीच्या तोंडाला बोट लावून बसली होती आणि दर थोड्या वेळाने सांगत होती, “सर, पाणी खाली येईनाच गेलंय.” मधल्या सुट्टीनंतर पहिला थेंब तिच्या बोटावर पडला, तेव्हा तिने तो वर्गभर फिरून दाखवला. मी तोवर एक वाक्यही समजावून सांगितले नव्हते. या कृतीत शिक्षकाने सर्वात काळजीपूर्वक करायची गोष्ट म्हणजे वाट पाहणे; उत्तर आधी सांगितले तर मुलीचे बोट त्या बाटलीशी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी खाली जमलेले पाणी मोजावे. ओतलेल्या पाण्यातून ते वजा केले की मातीने किती पाणी धरून ठेवले ते कळते, आणि ही वजाबाकी पाठ्यपुस्तकातल्या पन्नास वजाबाक्यांपेक्षा मुलांना अधिक खरी वाटते. बाटल्या फेकू नयेत. त्या खिडकीत तशाच ठेवल्या की काही दिवसांत काळी माती आकसून बाटलीच्या कडा सोडते आणि तिला भेगा पडतात. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकणमाती या जमिनीत भरपूर असते, सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडून थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाची झीज होत होत ती तयार झाली आहे.

आता क्षेत्रभेटीला प्रश्न मिळाला: काळ्या मातीने धरून ठेवलेले पाणी कोणाच्या उपयोगी पडते? याचे उत्तर रब्बीच्या ज्वारीत आहे. दसऱ्याच्या आगेमागे पेरलेली ज्वारी थंडीभर, पाऊस जवळजवळ नसताना, जमिनीतल्या ओलीवर वाढते. म्हणून त्याच शेताला एकाच वर्षात तीन वेळा भेट द्यावी: पेरणीनंतर, हुरड्याच्या दिवसांत आणि काढणीनंतर. हुरड्याच्या भेटीत मुलांना एकाच कणसातला दाणा नखाने दाबून पाहू द्यावा. त्यातून दूध निघते की तो घट्ट झाला आहे हे त्यांनी लिहावे, आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. काढणीनंतरच्या भेटीत भेगा मोजाव्यात. आमच्या मुलांनी त्यासाठी ज्वारीचे धाटच माप म्हणून वापरले होते. भेगेत जाईल तेवढे धाट घालायचे, जमिनीच्या पातळीवर चिमटीत धरायचे आणि वर काढून पट्टीने मोजायचे. एका भेगेत पाचवीतल्या मुलाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढे धाट गेले, तेव्हा खिडकीतल्या बाटलीत पाहिलेली बारीक फट आणि ही भेग एकच आहे हे सांगावे लागले नाही. हात घालू मात्र देऊ नये. भेगांत विंचू असतात.

शेताची निवड करताना दोन गोष्टी मालकाला विचारूनच घ्याव्यात. शेतात किंवा बांधापलीकडच्या कपाशीत नुकतीच फवारणी झाली आहे का, आणि विहिरीला कठडा आहे का. फवारणी झाली असेल तर भेट सरळ पुढे ढकलावी. कठडा नसलेल्या विहिरीच्या बाजूने मुलांची रांग नेऊच नये, मग फेरा कितीही लांबचा पडो.

लातूर आणि धाराशिव भागातल्या शिक्षकांना आणखी एक सोय आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला घरेच्या घरे शेतात जातात, आंबील आणि भज्जी घेऊन दिवसभर तिथेच राहतात. शाळेला काहीही खर्च न करता सगळा वर्ग त्या दिवशी शिवारात असतो. आदल्या दिवशी प्रत्येकाला एकच काम द्यावे. जसे, एका ओळीतल्या दहा पावलांत हरभऱ्याची किती झाडे आहेत ते मोजणे, किंवा बांधावर आपोआप उगवलेल्या पाच वनस्पतींची नावे आजीला विचारून लिहून आणणे. सुट्टीनंतर वर्गात नावांचा जो गोंधळ उडतो, एकाच वनस्पतीला दोन गावांत दोन नावे निघतात, तो अवश्य फळ्यावर येऊ द्यावा.

पावसाची वही

पर्जन्यमापक बनवणे ही सर्वात स्वस्त आणि सर्वात दीर्घकाळ चालणारी कृती आहे, पण ती बहुतेक शाळांत चुकीच्या बाटलीमुळे फसते. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो आणि बाजू मध्येच आत वळलेली असते. शक्यतो सरळ उभ्या बाजूंची बाटली किंवा बरणी घ्यावी. तशी न मिळाल्यास बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवावा, तळाशी बारीक खडे टाकून जिथे बाजू सरळ सुरू होते तिथपर्यंत पाणी भरावे, आणि त्या पातळीवर पक्क्या शाईने शून्याची खूण करावी. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. बाटली झाडाखाली किंवा पागोळीखाली नसावी. मैदानात विटांच्या आधाराने उभी करावी. नोंद रोज एकाच वेळी, प्रार्थनेआधी घ्यावी आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणून ठेवावे. उन्हाने शून्याचे पाणीही आटते, म्हणून पाऊस नसलेल्या दिवशीही पातळी पाहावी लागते, हे मुले पहिल्या आठवड्यात स्वतःच शोधून काढतात.

आकड्याला अर्थ देण्याचे काम शिक्षकाचे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छत दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल, तर 20 मिलिमीटर पावसात त्याच्यावर 1200 लिटर पाणी पडते. 15 लिटरची घागर धरली तर ऐंशी घागरी. हे गणित पाचवीच्या मुलांनी मैदानात दोरी टाकून, छताचे माप जमिनीवर घेऊन करावे. हवामान विभाग 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो, आणि महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. अतिवृष्टी आणि पंचनामा हे शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात. ते कोणत्या आकड्यापासून सुरू होतात हे त्यांना आपल्या बाटलीवर बोट ठेवून दाखवता येते.

याच मापाने त्यांना लातूरचा 2016चा पाणीटंचाईचा उन्हाळाही समजावता येतो. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी 12 एप्रिल 2016 रोजी लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आकडा मोठा वाटतो. मुलांनी हिशेब केला की, 20 मिलिमीटरचा एक पाऊस सुमारे सहा एकर रानावर एवढेच पाणी टाकून जातो. या हिशेबानंतर आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग एका मुलाने विचारले की ते सहा एकरांचे पाणी जाते कुठे. पुढच्या आठवड्यातली बंधाऱ्याची आणि नालाबांधाची भेट त्याच्या प्रश्नावर ठरली.

सावलीची काठी

ही कृती थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांना माहीत आहे. सपाट जागी मीटरभर काठी उभी रोवावी आणि सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. साडेअकरानंतर दर पाच मिनिटांनी. सर्वात आखूड सावली बरोबर बारा वाजता पडेल असे सगळे समजतात, पण तसे होत नाही. आपली घड्याळे 82.5 अंश रेखांशावरच्या वेळेनुसार चालतात आणि मराठवाडा त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे गाव आणि ऋतू यांनुसार बारानंतर पाऊणपर्यंत केव्हातरी सावली सर्वात आखूड होते. त्या सावलीची रेषा उत्तर-दक्षिण असते, आणि तीच रेषा चुन्याने आखून वर्षभर नकाशाच्या तासाला वापरावी. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, तेव्हा शाळेला सुट्टी असते. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा डोक्यावर येतो, पण बहुधा ढग असतात. तरीही ऊन पडलेच तर सगळा वर्ग बाहेर काढावा.

आठवडी बाजार आणि जुनी मापे

बाजाराची भेट गणितासाठी असावी आणि ती लहान असावी, फार तर तासभर. मुलांचे पाच-पाचचे गट करावेत, प्रत्येक गटाला एकच विक्रेता द्यावा आणि त्या काकांना किंवा मावशींना आदल्या बाजारी विचारून ठेवावे, कारण गर्दीच्या वेळी वीस मुलांचा घोळका पालासमोर उभा राहिला तर त्यांचे गिऱ्हाईक जाते. विचारायचे तीनच प्रश्न: माल कुठून आणला, सकाळी भाव काय होता, आणि दुपारनंतर तो का बदलतो.

या भेटीआधी वर्गात मापांची कृती करावी. गावात अजून कोणाच्या तरी घरी लोखंडी किंवा लाकडी मापे असतात: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. ती दोन दिवसांसाठी मागून आणावीत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली हे मुलांनी ज्वारी ओतून स्वतः पडताळावे. मग एक मापटे ज्वारी, एक मापटे तूर आणि एक मापटे कापसाची सरकी तराजूत घालावी. माप तेच आणि वजन वेगळे, हे पाहून चौथीच्या मुलांना आकारमान आणि वजन यांतला फरक व्याख्येशिवाय कळतो. पायलीचे किलो प्रत्येक भागात आणि प्रत्येक धान्यागणिक वेगळे सांगितले जातात. त्या वादात शिरू नये, आपल्या तराजूत जे आले ते लिहावे.

गावातली जाणती माणसे

क्षेत्रभेट एखाद्या ओसरीवरही होऊ शकते. 1972च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली, मदतीत मिळणाऱ्या मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसे आता वयस्कर आहेत आणि त्यांच्या आठवणी लिहून घ्यायला फार अवधी उरलेला नाही. ज्यांच्या घरी निजामाच्या राजवटीविरुद्धचा 1948चा मुक्तिसंग्राम सांगितला जातो, त्यांच्याकडे 17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, आधीच्या आठवड्यात जावे. ध्वजवंदनाच्या दिवशी मग मुलांना स्वतःचे काहीतरी सांगता येते. लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाची आठवण प्रत्येक घरात आहे. तो विषय मुलांनी आपणहून काढला तरच घ्यावा आणि ज्या घराने माणूस गमावला आहे, तिथे मुलांना प्रश्न विचारायला पाठवू नये.

मुलाखतीची तयारी म्हणून मुलांनी आधी एकमेकांच्या मुलाखती घ्याव्यात. “तुम्हाला कसे वाटले?” या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असा माझा अनुभव आहे. “आजोबा, पाणी भरायला किती लांब जायचात? परत येईपर्यंत ऊन किती वर आलेले असायचे?” असे विचारले की आजोबा बोलू लागतात.

दूरची सहल: साबणाच्या वडीतून वेरूळ

दूरच्या सहलीसाठी एका दिवसात एकच ठिकाण घ्यावे. वेरूळला 34 लेणी आहेत, त्यांतली 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. लहान मुलांना ती सगळी दाखवण्याचा अट्टाहास केला तर एकही नीट पाहून होत नाही. सोळावे लेणे, म्हणजे कैलास, आणि जोडीला दहावे किंवा बत्तिसावे एवढे पुरते.

सहलीच्या दोन आठवडे आधी प्रत्येक मुलाला आंघोळीच्या साबणाची एक स्वस्त वडी द्यावी. चाकू अजिबात नको; चमच्याचे टोक, बोथट खिळा आणि आइस्क्रीमची काडी ही हत्यारे पुरतात. नियम दोनच ठेवावेत. कोरायचे ते वरून खाली, आणि तुटलेला तुकडा परत चिकटवायचा नाही. वडीतून एक घर आणि त्याच्यासमोर एक हत्ती किंवा खांब बाहेर काढायचा. पहिल्याच तासाला अर्ध्या वर्गाच्या हत्तींच्या सोंडा तुटतात. नवी वडी मागितली तर देऊ नये; आहे त्याच वडीतून पुढे काय काढता येईल ते ठरवायला सांगावे. एका मुलाने सोंड तुटल्यावर हत्तीचा बैल केला होता आणि त्याच्या नंदीला वर्गात मोठा मान मिळाला. कोरलेला चुरा गोळा करून फडक्यात बांधला की शाळेच्या हात धुण्याच्या जागी महिनाभर पुरतो.

हे हात घेऊन मुले कैलासाच्या अंगणात उभी राहिली की त्यांची नजर बदललेली असते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळाशी जोडले जाणारे हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले आहे, आणि कळस आधी तयार झाला व पायथा नंतर, हे वाक्य त्यांना आता ऐकून सोडून द्यावेसे वाटत नाही. त्यांना कामे द्यावीत. मंदिर अजून मूळ डोंगराला कुठे कुठे जोडलेले आहे ते शोधणे. अंगणाची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजणे. छिन्नीच्या खुणा दिसतात अशा तीन जागा लांबूनच दाखवणे. आणि एका हत्तीचे चित्र जागेवर बसून पूर्ण काढणे. चित्राला वीस मिनिटे सलग द्यावीत. फोटो शिक्षकांनी काढावेत, मुलांनी नाही. भिंतींना आणि मूर्तींना हात लावायचा नाही याचे कारण साबणावर बोटांनी पडलेली चकाकी दाखवून आधीच सांगून ठेवावे. लेण्याच्या वरच्या कड्यावर लहान मुलांना नेऊ नये. दगड पाहताना एवढे अवश्य विचारावे की असा काळा दगड गावात कुठे आहे. विहिरीच्या खोदकामात निघालेला दगड, शाळेचा जुना पाया, आजीचा पाटा-वरवंटा अशी उत्तरे येतात आणि ती बरोबर असतात.

वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. दोन्हीकडे पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. अशा जुन्या वास्तूंवर आग्या मोहोळे असतात, म्हणून मुलांना अत्तर किंवा सुगंधी तेल लावून आणू नये असे पालकांना सांगावे, आणि दगड मारणे, ओरडणे याबद्दल कडक राहावे.

ज्यांना वेरूळ लांब पडते त्यांनी तिकडेच गेले पाहिजे असे नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, संत गोरोबाकाकांचे गाव आहे आणि तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या वस्तू पाहायला मिळतात. त्याआधी वर्गात मातीचे दिवे आणि मणी करून वाळवावेत, म्हणजे काचेपलीकडचा मणी कसा केला असेल हे मुले आपसांत बोलू लागतात. परभणीकरांनी चारठाण्याची बारव मोजावी, पायऱ्या आणि पाण्याची पातळी यांची नोंद पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात अशी दोनदा घ्यावी. पैठणला जायकवाडीचा नाथसागर हिवाळ्यात पक्ष्यांसाठी पाहावा आणि पैठणीचा माग त्याआधी कागदी पट्ट्यांची उभी-आडवी वीण करून मगच पाहावा. नांदेडला गोदावरी, नळदुर्गला बोरी नदीवरचा पाणीमहाल. प्रत्येक जिल्ह्यात असे काहीतरी आहे.

परवानगी, पैसे आणि मुलांची मोजणी

सहलीचा प्रस्ताव आधी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठिकाण, खर्च आणि तारीख यांवरच्या शंका तिथेच मिटतात. त्यानंतर मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे प्रस्ताव जातो. आपल्या जिल्ह्याच्या चालू सूचना त्याच वेळी विचारून घ्याव्यात, विशेषतः पाण्याची ठिकाणे, डोंगरकडे आणि परतीची वेळ यांबाबत. प्रत्येक पालकाचे लेखी संमतीपत्र घ्यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे, नुसता अंगठा घेऊन मोकळे होऊ नये. शालेय सहलींसाठी एसटी सवलतीच्या दरात मिळते. आगारात आधी अर्ज करावा.

तारखेबद्दल माझा आग्रह आहे. बीड, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरे बाहेर पडतात आणि मुलेही सोबत जातात. सहल डिसेंबर-जानेवारीत ठेवली की ज्या मुलांना ती पाहायला मिळण्याची दुसरी कोणतीच संधी नाही, नेमकी तीच गैरहजर असतात. म्हणून अशा गावांत दूरची सहल कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, पाऊस उघडल्याबरोबर काढावी, आणि बाकीच्या जवळच्या भेटी थंडीसाठी ठेवाव्यात. पैशांचेही तसेच. वर्गातली पाच मुले वर्गणीअभावी मागे राहणार असतील, तर ठिकाण बदलून जवळचे घ्यावे. मागे राहिलेले मूल दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत मान खाली घालून बसते, हे एकदा पाहिलेले मला विसरता आलेले नाही.

दहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा, मुली असतील तर शिक्षिका किंवा एखादी माता-पालक सोबत हवीच. दहा मुलांच्या गटात पुन्हा दोन-दोनच्या जोड्या पाडाव्यात आणि जोडीदार दिसला नाही तर लगेच सांगायचे एवढेच काम प्रत्येकाला द्यावे. मोजणी चार वेळा ठरलेली असावी: निघताना, उतरल्यावर, जेवणानंतर, परत बसमध्ये चढल्यावर, आणि ती नावे वाचून करावी, डोकी मोजून नव्हे. मुलाच्या खिशात गावाचे नाव आणि शिक्षकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. जेवणाला घरचे धपाटे, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी सर्वात सुरक्षित. प्रवासात दही आणि पातळ भाजी टाळावी. ठिकाण निश्चित करण्याआधी शिक्षकाने स्वतः एकदा जाऊन यावे आणि स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावलीची जागा आणि जवळचा दवाखाना पाहून ठेवावा. ज्या ठिकाणी मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह नाही, तिथे दिवसभराची सहल मी नेत नाही.

परत आल्यावर

परतल्यानंतरचा पहिला दिवस लिहिण्यासाठी ठेवू नये, हातांसाठी ठेवावा. वेरूळहून आल्यावर मुलांना साबणाची दुसरी वडी द्यावी. पहिली आणि दुसरी शेजारी ठेवली की फरक दिसतो: दुसऱ्या वेळी मुले आधी चारही बाजूंनी आखतात, बारीक भागाभोवती जास्त साबण शिल्लक ठेवतात, सोंड शेवटी सोडवतात. हे कोणी शिकवलेले नसते. त्यानंतर दोन दिवसांनी लेखन घ्यावे आणि “आमची सहल” हा निबंध टाळावा, कारण तो पहाटे लवकर उठण्यापासून सुरू होतो आणि घरी पोहोचण्यापाशी संपतो. त्याऐवजी जाताना नेलेला प्रश्न फळ्यावर लिहावा, आणि त्याचे उत्तर, ते कशावरून कळले, आणि अजून काय कळले नाही, एवढेच लिहायला सांगावे. तिसरा भाग सर्वात महत्त्वाचा असतो. पुढच्या भेटीचे प्रश्न तिथून निघतात.

पहिली-दुसरीतल्या किंवा लिहायला अडखळणाऱ्या मुलांकडून चित्र आणि तोंडी उत्तर घ्यावे. त्यांचे बोलणे शिक्षकाने त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे चित्राखाली उतरवावे.

शाळेच्या कपाटात क्षेत्रभेटींची एक जाड वही असावी. तिच्यात ठिकाण, अंतर, बसचा खर्च, स्वच्छतागृहाची स्थिती, भेटीत मदत केलेल्या माणसांची त्यांच्या संमतीने लिहिलेली नावे, काय जमले आणि काय फसले हे सगळे असावे, म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पावसाची नोंद त्याच वहीच्या मागच्या पानांपासून सुरू करावी. वर्ष संपताना जाणाऱ्या पाचवीने ती येणाऱ्या वर्गाला मैदानात नेऊन सोपवावी, आणि बाटलीवर शून्याची खूण कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे.